पन्हाळा पायी बघायचा असेल तर: कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

कोल्हापुरात शिकायला, नोकरीला किंवा बदली होऊन आलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर एखादी संध्याकाळ काढतो, तांबडा-पांढरा रस्सा चाखतो. मग कुणीतरी म्हणतं, "चला, पन्हाळ्याला जाऊन येऊ." बहुतेक जण गाडीनं जातात. सज्जाकोठीपाशी पाच मिनिटं, अंबारखान्यापाशी पाच मिनिटं, तीन दरवाज्यात फोटो, झुणका-भाकर आणि अंधार पडायच्या आत घरी. एक दिवस मजेत जातो, पण पन्हाळा हाती लागत नाही. प्रत्येक ठिकाणी आपण गाडीतून उतरतो आणि परत गाडीत बसतो. या जागा एकमेकींपासून किती लांब आहेत, कुठून काय दिसतं, धान्य कुठं होतं, पाणी कुठं होतं, शत्रू कुठून येणार होता, हे पायानं चालल्याशिवाय उमगत नाही. १६६० साली आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांहून जास्त चालला आणि गड तरीही झुंजत राहिला. असं कसं झालं याचं उत्तर गडावर दगडात लिहिलेलं आहे. चालत गेलात तर ते ओळीनं वाचता येतं. म्हणून सांगतोय, पहिल्यांदा जाताना तरी पायी फिरा.

चालायचं म्हटलं की नवख्यांना धास्ती वाटते. ती सोडून द्या. पन्हाळा म्हणजे राजगड-तोरणा नव्हे. एसटी तुम्हाला थेट गडाच्या माथ्यावर सोडते. वर बरेचसे रस्ते डांबरी आहेत, सावलीला मोठमोठी झाडं आहेत आणि थोडं चाललं की चहाची टपरी येते. गडाचा तट सगळा मिळून सात किलोमीटरच्या वर भरतो, पण त्याच्या कडेकडेनं पूर्ण फिरायची काही गरज नाही. मी पुढे सांगतो ती फेरी थांबत-थांबत, बसत-उठत चार-पाच तासांत होते. शाळकरी मुलं आणि साठी ओलांडलेले आई-वडील सोबत असले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आधी लक्षात घ्या. पन्हाळा हे रिकामं, ओसाड ठिकाण नाही. ते तालुक्याचं गाव आहे. नगरपरिषद आहे, तहसील कचेरी आहे, शाळा आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारी माणसं आहेत. जुन्या बुरुजाला लागून कुणाचं तरी अंगण असतं, तटाच्या कडेला कुणाची तरी शेळी चरत असते. आपण पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवून फिरलं की लोक आपणहून बोलतात, आडवाट दाखवतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात पन्हाळा आहे. त्या बारांपैकी गजबजलेलं गाव अंगाखांद्यावर वागवणारा असा गड विरळाच.

दिवस कोणता, वेळ कोणती

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. रविवारी दुपारी गावातल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते आणि पायी चालणाऱ्याला कडेला सरकत राहावं लागतं. मंगळवार-बुधवारची सकाळ असेल तर अर्धा गड तुमच्या एकट्याचा असतो. रविवारशिवाय सुट्टीच नसेल तर पहिल्या-दुसऱ्या एसटीनं जा. दहा-साडेदहापर्यंत निवांत फिरता येतं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने चालायला उत्तम. थंडीत सकाळी वर चांगलाच गारठा असतो, एखादा स्वेटर असू द्या. मार्च-एप्रिलमध्ये खाली कोल्हापुरात घामाच्या धारा लागतात तेव्हा इथं वारं असतं, पण दुपारी ऊन चटकतंच. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणात विकायला येतात. त्यासाठी उन्हाची थोडी झळ सोसायला माझी हरकत नसते.

पावसाळ्याबद्दल नीट सांगायला हवं. जून ते सप्टेंबरमध्ये पन्हाळा अप्रतिम दिसतो, किंवा दिसतच नाही. ढग गडावर उतरले की दहा पावलांवरचा माणूस धूसर होतो. गडाची ठेवण समजून घ्यायला पहिली फेरी अशा दिवसात करू नका. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तटाच्या कडा निसरड्या होतात. पंचगंगेला पूर आला की रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येतं आणि वाट बंद होते. जुलै २०२१च्या पावसात तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. तेव्हा पावसाळ्यात निघायच्या आधी रस्ता सुरू आहे ना, याची चौकशी जरूर करा. एकदा गड ओळखीचा झाला की मग हवं तर धुक्यात या. तेव्हाची गंमत वेगळी.

जायचं कसं आणि सोबत काय घ्यायचं

कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण २० किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून, म्हणजे सगळे ज्याला सीबीएस म्हणतात तिथून, पन्हाळ्याची एसटी मिळते. पाऊण ते एक तास लागतो. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की ऊस आणि गुऱ्हाळांचा मुलूख सुरू होतो. वडणगे फाटा जातो, केर्लीला जोतिबाचा फाटा फुटतो आणि वाघबीळला गाडी मुख्य रस्ता सोडून पन्हाळ्याच्या वाटेला लागते. खिडकीची जागा मिळाली तर वाघबीळपासून पुढे बाहेर बघत राहा. डोंगराचा माथा कसा कापल्यासारखा सपाट आहे आणि त्याच्या खाली काळा कडा कसा उभा आहे, ते इथूनच दिसतं. निम्मी तटबंदी निसर्गानंच घातली आहे. माणसानं उरलेली बांधली.

स्वतःच्या गाडीनं आलात तर नाक्यावर नगरपरिषदेचा कर भरावा लागतो, पावती जपून ठेवा. वर आल्यावर गाडी स्टँडच्या आसपास एकदा लावा आणि परत निघेपर्यंत तिला हात लावू नका. एसटीनं आलात तर उतरल्या-उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे खिडकीवर विचारून घ्या. वेळापत्रक बदलत असतं, मोबाईलवर दिसेल त्यापेक्षा तिथल्या माणसाचा शब्द खरा.

सामान थोडकंच हवं. तळवा घट्ट धरणारे बूट किंवा चांगल्या सँडल. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. एक लिटर पाणी पुरतं, वर भरून घेता येतं. टोपी. आणि बॅटरी, तीही मोबाईलची नव्हे, हातातली. ती कशाला ते अंधार बावीपाशी कळेल. खायला काही घेऊन जाऊ नका, वर पोटाची सोय उत्तम आहे.

सुरुवात चार दरवाज्यापासून

स्टँडवरून लगेच आत शिरू नका. आधी ज्या रस्त्यानं गाडी वर आली त्या बाजूला थोडं मागे चालत या. इथं चार दरवाजा होता. आता त्याचे थोडे अवशेष तेवढे उरले आहेत. गडाचं हे पूर्वेकडचं तोंड. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, साताऱ्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी) कर्नल ओव्हन्स याला पकडून पन्हाळ्यावर ठेवलं. मग इंग्रजी फौज आली, १ डिसेंबर १८४४ रोजी तट फोडून त्यांनी गड घेतला आणि पुन्हा कुणी इथून लढू नये म्हणून दरवाजा आणि तटबंदी पाडली. आज आपली एसटी सहज आत येते ती या पाडलेल्या दरवाज्याच्या जागेवरून. क्षणभर थांबून हे मनात घेतलं की पुढचा प्रत्येक पडका बुरुज वेगळा दिसायला लागतो. हे सगळं काही काळानं झिजून पडलेलं नाही, बरंचसं मुद्दाम पाडलेलं आहे.

जवळच बाजीप्रभू देशपांड्यांचा पुतळा आहे. वेढ्याची हकीकत इथंच एकदा मनाशी उजळून घ्या, कारण पुढची सगळी फेरी तिच्याभोवती फिरते. अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या १८ दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन आला आणि त्यानं गड आवळला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. पावसाळा सुरू झाला तरी वेढा ढिला पडेना. अखेर १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, भर पावसात महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. नेबापूरचे शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसले आणि शत्रूच्या हाती सापडून प्राण देते झाले. बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली, महाराज विशाळगडावर पोहोचले. नेबापूर हे गाव गडाच्या पायथ्यालाच आहे. शिवा काशीद यांची समाधी तिथं आहे, परत जाताना वेळ असेल तर तिथं पाच मिनिटं जरूर थांबा. बाजीप्रभूंचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. या माणसाचं नाव आपण तितक्या वेळा घेत नाही आणि ते घ्यायला हवं.

सज्जाकोठी: आधी मुलूख बघून घ्या

इथून सज्जाकोठीकडे निघा. वाटेत तबक उद्यान लागतं. लहान मुलं असतील तर ती इथून हलणार नाहीत, तेव्हा उद्यान परतीला ठेवा.

सज्जाकोठी ही कड्याच्या टोकावरची आदिलशाही बांधणीची इमारत. वर घुमटाकार छत, कमानी आणि बाहेर झुकलेला सज्जा. लोक इथं सेल्फी काढतात आणि परततात. तुम्ही तिथं दहा मिनिटं बसा. समोर वारणेचं खोरं पसरलेलं आहे, पूर्वेच्या अंगाला पावनगड अगदी शेजारी आहे आणि पलीकडे जोतिबाचा डोंगर. सकाळी हवा स्वच्छ असेल तर उसाच्या हिरव्या पट्ट्या, गावांची कौलं आणि कारखान्याच्या धुरांड्यांची टोकंसुद्धा दिसतात. मग विचार करा, इथं पहाऱ्यावर असणाऱ्याला खालच्या सपाटीवर हलणारं सैन्य कधी दिसलं असेल? ते इथं पोहोचायच्या कितीतरी आधी. पन्हाळ्याचं पहिलं बळ म्हणजे ही नजर.

संभाजीराजांना याच कोठीत ठेवलं होतं, असं सांगतात. मोगल सरदार दिलेरखानाकडून परतल्यावर ते पन्हाळ्यावर होते आणि १६८०च्या सुरुवातीला इथंच बाप-लेकांची भेट झाली. ती त्यांची अखेरची भेट. त्या एप्रिलमध्ये रायगडावर महाराजांचं निधन झालं तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. हे ठाऊक असलं की त्या सज्ज्यात उभं राहून मोठमोठ्यानं गाणी लावावीशी वाटत नाहीत.

कठडा बुटका आहे आणि खाली सरळ कडा आहे. मुलांचा हात सोडू नका.

अंबारखाना: इथं वेळ द्या

सज्जाकोठीवरून परत गावात येऊन अंबारखान्याची वाट धरा. रस्त्यात पाट्या आहेत, नाही दिसल्या तर कुणालाही विचारा. या फेरीत सगळ्यात जास्त वेळ मी अंबारखान्याला देतो आणि तुम्हीही द्यावा असं मनापासून वाटतं.

हा बालेकिल्ल्याचा भाग. इथं धान्याची तीन कोठारं आहेत: गंगा, यमुना आणि सरस्वती. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिचं क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, उंची साडेदहा मीटरच्या वर, म्हणजे साधारण ३५ फूट. २५ हजार खंडी धान्य मावेल एवढी तिची ताकद सांगतात. बाहेरून ती दिसते साधी, काळी आणि बोजड. खरी करामत आत आहे.

पूर्वेकडच्या दारातून आत जा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत हलू नका. वटवाघळांचा उग्र वास येईल, तो दोन मिनिटांत सवयीचा होतो. मग वर बघा. छताचे १६ खण आहेत, प्रत्येक खणावर चपटा घुमट आणि घुमटाच्या मधोमध एक भोक. धान्य या भोकांतून वरून ओतायचे. पोती पाठीवर घेऊन दारातून आत येण्याची कटकटच नाही. बाहेरच्या जिन्यानं छतावर जायचं आणि पोतं भोकात रिकामं करायचं. सूर्य डोक्यावर असेल त्या वेळी या भोकांतून उन्हाचे खांब खाली उतरतात आणि त्यात धूळ तरंगताना दिसते. भिंतींची जाडी हातानं चाचपून बघा. बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा असतो. भात, नाचणी, वरी असलं धान्य इथं साठवलेलं असे.

मग बाहेर येऊन जिन्यानं छतावर चढा. पायऱ्या उंच आहेत, पण मोजक्या. वर ती भोकं दुसऱ्या बाजूनं दिसतात. जपून चाला आणि भोकाच्या कडेला पाय देऊ नका. छतावर उभं राहून हिशेब करून बघा. वेढा पडला तर गडावरच्या माणसांना रोज किती धान्य लागेल? कोठीतल्या साठ्याला त्यानं भागून बघा, म्हणजे चार महिने गड का पडला नाही याचं निम्मं उत्तर तुमच्या पायाखाली आहे हे कळेल. शाळेत वाचलेला वेढा इथं धान्याच्या मापात समोर येतो.

शेजारीच धर्मकोठी आहे. गरजूंना धान्य इथून देत.

गावातून तीन दरवाज्याकडे

अंबारखान्यापासून पश्चिमेकडे जाताना गावाचा भाग लागतो. ताराराणींचा राजवाडा वाटेत आहे. १७१०च्या सुमारास ताराराणींनी पन्हाळा राजधानी केली. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलली, तोवर करवीरचा, म्हणजे कोल्हापूर राज्याचा, कारभार या डोंगरावरून चालायचा. राजवाड्यात आता शाळा भरते. बाहेरून बघा, वर्ग सुरू असताना आत घुसू नका.

संभाजी मंदिर लागेल. हे मंदिर ज्यांचं आहे ते संभाजी म्हणजे करवीरचे दुसरे संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि राजसबाईंचे पुत्र. त्यांनी १७१४ ते १७६० राज्य केलं. नवखे लोक हमखास गल्लत करतात, म्हणून सांगून ठेवतो. रामचंद्रपंत अमात्यांची समाधीही गडावर आहे. १७०१ मध्ये औरंगजेबानं स्वतः इथं तळ ठोकून पन्हाळा घेतला, पुढं तो मराठ्यांच्या ताब्यात परत आणणारे ते हेच पंत.

मग सोमेश्वराचं देऊळ आणि तलाव. देवाला लक्ष चाफ्याची फुलं वाहिली, शिवाजी महाराज आणि त्यांचे हजार मावळे मिळून, असं इथं सांगितलं जातं. तलावाच्या काठी चांगली सावली असते, पाणी पिऊन दम खायला ही जागा मस्त. कवी मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्यावरच जन्मले, त्यांच्या नावाचं ग्रंथालय गावात आहे. वाचनाची आवड असेल तर डोकावून या.

अंधार बाव आणि तीन दरवाजा

आता फेरीचा दुसरा मोठा टप्पा. तीन दरवाज्याच्या अलीकडेच अंधार बाव आहे. लोक तिला शृंगार बावही म्हणतात. रस्त्यावरून बघितलं तर ही विहीर आहे हे कळणारच नाही. काळ्या दगडाची सपाट डोक्याची एक इमारत दिसते, कमानीचं दार दिसतं, बस्स. ज्यानं बांधली त्याला हेच हवं होतं. वेढ्यात सगळ्यात मोठी भीती पाण्याची असते. विहिरीत कुणी विष कालवलं की संपलं. म्हणून ही विहीर तीन मजली इमारतीत दडवली आहे. तळाशी पाणी, मधल्या मजल्यावर पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आणि खोल्या, आणि त्याच मजल्यावरून तटाबाहेर निघणारी खिडकीसारखी चोरवाट.

इथं बॅटरी काढा. जिना वळत खाली जातो, पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या आहेत आणि ओल असली की घसरड्या असतात. भिंतीला हात लावत एका वेळी एक पायरी उतरा. मधल्या मजल्यावर पोहोचल्यावर एकदा बॅटरी बंद करा. शत्रू इथवर आला असता तरी त्याला या काळोखात, या वळणांवर एकेकट्यानंच यावं लागलं असतं. वेढ्यात गड का टिकला याचं उरलेलं निम्मं उत्तर इथं आहे. तळाच्या पाण्यापर्यंत जायचा हट्ट नको. आणि पाण्यात बाटल्या, वेफर्सची पाकिटं तरंगताना दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. ज्या पाण्यासाठी माणसांनी एवढा खटाटोप केला त्यात आपण कचरा टाकायचा? तुमची पिशवी रिकामी असेल तर हाताशी येईल तेवढा कचरा वर घेऊन या.

तिथून पाच मिनिटांच्या आत तीन दरवाजा. गडाचं पश्चिमेचं तोंड. १८४४च्या तोडफोडीतून हा बराच वाचला आणि आज पन्हाळ्यावरचं सगळ्यात देखणं बांधकाम हेच आहे. एकामागून एक दरवाजे आणि मध्ये चौक. समजा तुम्ही शत्रू आहात आणि बाहेरचा दरवाजा फोडून चौकात शिरलात. पुढे दुसरा बंद दरवाजा, चारी बाजूंनी भिंती आणि वरून बाण, गोळे, दगड. घाईघाईनं पार न होता या चौकात मधोमध उभे राहून वर बघा म्हणजे हे अंगावर येतं.

मग कोरीव काम बघायला लागा. घाईनं फोटो काढणारे नेमकं हेच सोडून जातात. आतल्या दरवाज्याच्या पट्टीवर दबा धरून बसलेला वाघ शोधा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मध्ये फारसी शिलालेख आहे, अक्षरं अजून सुरेख शाबूत आहेत आणि त्याच्या वर शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) कोरलेले आहेत. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५३४ नंतरच्या दोन-अडीच दशकांत, हे काम झाल्याचं त्यावरून कळतं. आणि बाहेरच्या बाजूनं आत येताना जी नक्षीदार खांबांची खोली लागते, तिच्या पट्टीवर गणपती आहे. तो मराठ्यांच्या काळात बसला. एकाच दरवाज्यात विजापूरची फारसी आणि मराठ्यांचा गणपती शेजारीशेजारी आहेत, पुसून टाकलेलं काही नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, हा गड उभा राहिला. नंतर आलेल्या प्रत्येकानं त्यात भर घातली. तीन दरवाज्यात ते सगळ्यात स्पष्ट दिसतं.

६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद यांनी अवघे ६० गडी घेऊन रात्रीच्या अंधारात, मध्यंतरी पुन्हा आदिलशाहीकडे गेलेला हा अख्खा गड काबीज केला. फिरून झाल्यावर हे वाक्य पुन्हा वाचा. सकाळपासून जे कडे, जे तट तुम्ही बघितले, त्यावर साठ माणसं.

गडावर माहिती सांगणारे वाटाडे भेटतात. त्यातले काही फार चांगलं सांगतात. पैसे आधी ठरवा आणि मग निवांत ऐका.

पुढे जायचं की परतायचं

पाय अजून दमले नसतील तर पुसाटी बुरुजाकडे चाला. गडाचं हे पश्चिम टोक, समोर मसाई पठाराची लांबलचक सपाटी दिसते. महाराज ज्या बाजूनं विशाळगडाकडे गेले तो हा मुलूख. महाराज गडाबाहेर पडले त्या राजदिंडीची (छोट्या दरवाज्याची) वाट आजही आहे आणि दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशा पदभ्रमंती निघतात. ती दोन दिवसांची चाल आहे, पावसातली, चिखलातली. तिची ओढ वाटली तर अनुभवी संस्थेबरोबर नाव नोंदवा. त्या वाटेवर उगाच एकट्यानं उतरू नका.

संध्याकाळी उशिरा तटाच्या कडेनं किंवा झाडीत शिरू नका. या डोंगरात बिबट्या आणि गवा दोन्हींचा वावर आहे. कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्यामोहोळ दिसलं तर आरडाओरडा न करता, धूर न करता, गुपचूप दूर व्हा.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी अंधार बावीत उतरू नये आणि अंबारखान्याच्या छतावर चढू नये. बाकी सगळं त्यांना जमेल. तीन दरवाज्यापासून स्टँडपर्यंत परत चालायचा कंटाळा आला तर रिक्षा किंवा वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी) मिळतंय का बघा.

जेवणासाठी स्टँडच्या परिसरात किंवा तीन दरवाज्याच्या आसपास चुलीवर भाकरी थापणाऱ्या मावशी शोधा. पिठलं किंवा झुणका, गरम ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा आणि मडक्यातलं दही. खर्डा आधी बोटाच्या टोकावर घेऊन बघा, बाहेरून आलेल्यांना तो झेपतोच असं नाही. दही मागून घ्या, ते दाट असतं आणि खर्ड्यावर तोच उतारा. "मावशी, अजून अर्धी द्या," म्हणालात की अर्धीच्या जागी अख्खी येते. पावसाळ्याच्या सुमारास गेलात तर निखाऱ्यावर भाजलेलं, तिखट-मीठ-लिंबू लावलेलं कणीस घ्या.

जेवण झाल्यावर गाडीला वेळ असेल तर तबक उद्यानात मुलांना सोडा आणि झाडाखाली पाठ टेका. पुढच्या वेळी आलात तर पावनगड ठेवा. चार दरवाज्याच्या बाजूनं तिकडे वाट जाते, गर्दी जवळपास नसते आणि तिथून मागे वळून बघितलं की सकाळी ज्या कड्यावर तुम्ही बसला होतात तो कडा पूर्ण उभाच्या उभा दिसतो.